लांबची वाट

सोपान जगताप आठवड्यातले सहा दिवस एक माणूस असायचा आणि रविवारी दुसरा. सहा दिवस तो भिंगारमधल्या एका लष्करी डेपोत सिव्हिलियन क्लार्क होता. फायलींवर टिपणं लिहिणं हे त्याचं काम होतं खरं, पण दिवसभरात त्याच्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा काय निघत असेल तर ते ‘हो साहेब’. साहेबांनी विनोद सांगायला घेतला की तो पहिल्याच वाक्याला हसायला लागायचा. शेवटपर्यंत थांबलं आणि तेवढ्यात दुसराच कुणी आधी हसला तर काय घ्या! साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला की त्याची कंबर आपोआप जराशी वाकायची. ती वाकते हे त्याला ठाऊक होतं, पण सरळ करायला कधी जमलं नाही.

रविवारी सकाळी मात्र तो प्रज्ञा आणि नितीनला घेऊन पाथर्डीकडं जाणाऱ्या एस.टी.त बसायचा. कावळदऱ्याच्या फाट्यावर तिघं उतरायचे आणि डोंगर चढायला लागायचे. काष्टीसारख्या सपाट मुलखात, उसाच्या फडांत वाढलेल्या माणसाला हे डोंगराचं वेड कुठून लागलं कुणास ठाऊक. पण लागलं होतं एवढं खरं. डोंगरावर त्याचा आवाज मोठा व्हायचा. घोरपडीचं बीळ कुठलं, कुठल्या दगडाखाली विंचू सापडतो, टाक्यातलं पाणी तळ न ढवळता कसं काढायचं, हे तो पोरांना असं काही सांगायचा की जणू डोंगर त्यानंच घडवला होता. नितीन तिसरीत होता, त्याला त्यातलं निम्मं कळायचं नाही. प्रज्ञा सहावीत होती आणि तिला सगळं कळायचं. ती बापाच्या मागून, बापानं जिथं पाय ठेवला तिथंच पाय ठेवत चढायची. वर्गात ‘माझे आवडते व्यक्तिमत्त्व’ असा निबंध आला तेव्हा बाकीच्या पोरींनी पुढाऱ्यांवर लिहिलं आणि हिनं बापावर लिहिलं. ‘माझे पप्पा कुणालाही घाबरत नाहीत’ असं त्यात पहिलंच वाक्य होतं. ते वाचून सोपान मोरीत जाऊन उगाच तोंड धुऊन आला होता.

ऑफिसातला जगताप या पोरीच्या नजरेला कधी पडू नये, एवढी एकच गोष्ट तो आयुष्यात जिवापाड जपत होता. बाकी त्याचं फारसं मागणं नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याला, टेकाडाच्या आडोशाला बनुबाईचं छपर होतं. एकटी म्हातारी, चार शेळ्या आणि एक आड. तिघं बांधावर दिसले की ती लांबूनच हात वर करून ओरडायची, “जयभीम गं माय, जयभीम!” आणि नितीन बेंबीच्या देठापासून “जयभीम आजी” म्हणायचा. दरा इतका जवळ होता की त्याचा जयभीम पुन्हा त्याच्याकडंच परत यायचा, मग तो त्याला पुन्हा उत्तर द्यायचा, आणि हा खेळ म्हातारीनं ताकाचा तांब्या हातात देईपर्यंत चालायचा.

आता यात दारकुंडे साहेब कुठून आले, ते सांगितलं पाहिजे.

दारकुंडे साहेब डेपोत ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून बदलून आले ते पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. नेवाशाकडचे. तोंडात कायम गुटखा, त्यामुळं बोलताना मान जरा वर करून बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “जगताप का? कुठले जगताप?”

“काष्टीचा, साहेब.”

“मग आपलेच की राव. काष्टीला माझ्या आत्याचं घर हाय.”

या ठिकाणी सोपाननं तोंड उघडायला हवं होतं. ‘नाही साहेब, आम्ही बौद्ध’ एवढे चार शब्द. त्याच्या बापानं छप्पन साली गावकीची कामं टाकून दिली ती याच चार शब्दांसाठी, आणि त्यापायी मारही खाल्ला होता. सोपाननं काय केलं? तो हसला. खोटं बोलला नाही, नुसता हसला, आणि साहेबांनी ते हसणं होकारात धरलं. ऑफिसातल्या बाकीच्यांना खरं ठाऊक होतं, पण साहेबांना जाऊन सांगावं इतका कुणाला त्यात रस नव्हता. दोघाचौघांना तर ही गंमत बघायला आवडतच असावी.

मग साहेबांनी त्याला जवळ केलं. डबा खायला बरोबर बोलवायला लागले. भाकरी मोडता मोडता ते ‘त्या लोकांच्या’ गोष्टी सांगायचे. ते लोक म्हणजे कोण, हे फोडून सांगायची गरज नसायची. ते लोक कसे माजलेत, त्यांना सरकारनं कसं डोक्यावर बसवलंय, त्यांच्या घरचं पाणी कसं घशाखाली उतरत नाही. सोपान घास चघळत मान हलवायचा. कुणी त्याच्या मानेवर सुरी ठेवलेली नव्हती, बढती अडलेली नव्हती, बदलीची धमकी नव्हती. तरी हलवायचा. अशा दिवशी घरी आला की आधी आंघोळ करायचा, थंडीच्या दिवसांतसुद्धा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी साहेब म्हणाले, “जगताप, येत्या रविवारी येतो तुमच्याकडं जेवायला. मिसेसला आन् पोराला घेऊन.”

 सोपानच्या दोन खोल्यांच्या घरात दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. हार रोज ताजा नसला तरी काच रोज पुसलेली. त्या भिंतीसमोर साहेबांना बसवायचं? तो घाईघाईनं म्हणून गेला, “घरी काय साहेब, रोजचंच. मी रविवारी पोरांना घेऊन डोंगरावर जातो. तुम्हीच या की. लई भारी जागा आहे.”

साहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. जीप ठरवतो म्हणाले.

रात्री जेवताना त्यानं हे बायकोला सांगितलं. यशोधरा ताटावरून उठली नाही की ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “म्हणजे घर झाकायला डोंगर काढून दिलात.”

“एका रविवारचा तर प्रश्न आहे.”

“तसबिरी उतरवा म्हणाला असतात तर भांडले तरी असते. डोंगर कशाला दिलात? तो पोरांचा होता.” मग ताटातच हातावर पाणी ओतत म्हणाली, “मी नाही यायची. माझं नाव तिथं काय सांगाल, ते तरी तुम्हांला ठरवावं लागणार नाही.”

पोरांची नावं प्रज्ञा आणि नितीन आहेत, त्यावरून काही कळत नाही, हा विचार तिच्या बोलण्याआधीच सोपानच्या मनात येऊन गेला होता. तो येऊन गेला याची त्याला किळस आली. पण बरंही वाटलं, हेही खरं.

रविवारी सकाळी साडेसातला जीप आली. चालवायला छगन म्हणून एक माणूस होता. पुढं साहेब, मागं साहेबांच्या बाई आणि त्यांचा चौदा वर्षांचा बंटी. बंटीच्या मांडीवर टेपरेकॉर्डर. पायाशी पिशव्याच पिशव्या. त्यांतून तळलेल्या कोंबडीचा आणि उकडलेल्या अंड्यांचा असा काही वास सुटला होता की नितीननं नाकाला रुमाल लावला, आणि सोपाननं डोळे वटारून तो काढायला लावला.

फाट्यावर छगन जीपमध्येच झोपायला थांबला. डोंगरावर जायला तिथून दोन वाटा फुटतात. डावीकडची जवळची, ती बनुबाईच्या छपरावरून जाते. उजवीकडची सगळ्या डोंगराला वळसा घालते, तिच्यावर ना झाड ना सावली. सोपान उजवीकडं वळला.

“पप्पा, आपली वाट ती,” प्रज्ञा म्हणाली.

“आज इकडून जायचं.”

“का?”

“मोठ्या माणसांना ही बरी पडते.”

प्रज्ञानं साहेबांच्या बाईंच्या पायांतल्या टाचेच्या चपलांकडं बघितलं आणि मग दगडगोट्यांनी भरलेल्या त्या वाटेकडं.  पप्पा म्हणतात तर असेल, एवढाच तिचा हिशेब.

चढ सुरू झाला तसा साहेबांचा गुटखाही रंगात आला. दर पाच-दहा पावलांवर पिंक. दगड बघून, नेम धरून, जणू त्यांना कुणी डोंगर रंगवायचं कंत्राट दिलं होतं. सोपाननं इतकी वर्षं हे दगड पोरांना हात लावून दाखवले होते. एकावर नैसर्गिक वाटी होती, तिच्यात पक्षी पाणी प्यायचे. साहेबांनी नेमकी तीच भरली. त्यातली एक पिंक उडून प्रज्ञाच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटावर पडली. ती थांबली आणि बापाकडं बघायला लागली. सोपाननं खाली बसून खिशातल्या रुमालानं तिचा बूट पुसला. रुमाल लाल झाला, बूट गुलाबी राहिला. 

“अहो जगताप,” पुढून हाक आली, “एक किस्सा ऐका. एकदा एका खेड्यात एक मास्तर...”

सोपान हसला.

“पप्पा,” प्रज्ञा हळूच म्हणाली, “अजून गंमत आली नाही ना त्यात?”

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एव्हाना बाईंची मोठी पिशवी त्याच्या एका खांद्याला होती, दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर होता आणि बंटी मोकळ्या हातांनी गोफण फिरवत चालला होता. ‘हो साहेब’, ‘बरोबर साहेब’, ‘वा साहेब’. डोंगरावर हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते. आता ते सोपानच्याच तोंडून निघत होते. मागून पोरीची पावलं येत होती. त्या पावलांना आपली वाकलेली कंबर दिसत असणार, हे त्याला न बघता कळत होतं.

माथ्यावर कातळात कोरलेलं जुनं टाकं आहे. धनगर, गुराखी, गडी, सगळे त्याचंच पाणी पितात. त्याचा एक रिवाज आहे. टाक्यात पाय घालायचा नाही, हात घालायचा नाही, काठावर उकिडवं बसून तांब्यानं वरचं वर पाणी काढायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण शेळ्या राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

दारकुंडे कुटुंबानं टाक्याच्या काठावरच सतरंजी पसरली. टेप सुरू झाला. अंड्यांची टरफलं, कोंबडीची हाडं, फरसाणाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सगळं जिथल्या तिथं पडायला लागलं. वाऱ्यानं एक पिशवी उडून टाक्यात गेली. खाऊन झाल्यावर बाईंनी तेलकट डबे थेट टाक्यात बुडवून खंगाळले. पाण्यावर तवंग आला. मग साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, दोन्ही पाय पाण्यात सोडले, “आहाहा” म्हणाले आणि खळखळून चूळ भरून तीही तिथंच टाकली.

“काका, त्यात पाय घालायचे नसतात,” नितीन म्हणाला. “लोक पितात ते.”

साहेबांनी सोपानकडं बघितलं. प्रज्ञानंही बघितलं. ती तर वाटच बघत होती. गेल्या पावसाळ्यात दोन कॉलेजची पोरं या टाक्यात उतरली होती, तेव्हा याच पप्पांनी त्यांना बाहेर काढून, कान धरून, त्यांनी टाकलेला कचरा त्यांच्याकडूनच उचलून घेतला होता. आताही पप्पा बोलणार, अशी तिला खात्री होती.

“नितीन, गप बस,” सोपान म्हणाला. आणि तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण जिभेला वळण पडलेलं, ती पुढं चाललीच: “घाला साहेब, बिनधास्त घाला. पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं.”

प्रज्ञा उठून दूर जाऊन एका दगडावर बसली. ती रागावली असेल, असं सोपानला वाटलं. तिनं रागवावं असंच त्याला वाटत होतं. त्याला स्वतःचा इतका वीट आला होता की दुसऱ्या कुणीतरी त्यात सामील व्हावं, म्हणजे जरा हलकं वाटेल.

एक वाजला. ऊन मी म्हणत होतं. पिण्याच्या पाण्याचा कॅन आणला होता, तो बंटीनं गंमत म्हणून डोक्यावर ओतून घेतला. आता सगळ्यांच्या घशाला कोरड पडली आणि टाक्यातलं पाणी प्यायची कुणाची छाती होईना. त्यात काय काय गेलंय, हे ज्यांनी घातलं त्यांनाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. बाईंच्या एका चपलेची टाच निघाली होती. लांबच्या वाटेनं मी मेले तरी उतरणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

“बनुआजीकडं जाऊ की,” नितीन म्हणाला. “तिच्या आडाला गोड पाणी आहे.”

“कोन बनुआजी?” साहेब ताडकन उठून बसले. “वस्ती हाय व्हय इथं?”

“लांब आहे साहेब,” सोपान म्हणाला. “कुत्रीही वाईट आहेत तिकडं.”

“नाही पप्पा, पंधराच मिनिटं लागतात,” प्रज्ञा म्हणाली. “आणि आजीकडं कुत्रं कुठंय?”

ती त्याला खोटं पाडायला बोलली नव्हती. पप्पा विसरले असतील, आठवण करून द्यावी, म्हणून बोलली. पण बोलून झाल्यावर तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पप्पा विसरले नव्हते, हे तिला कळलं. मग ते तसं का म्हणाले, हे ती उतरताना सगळ्या वाटेनं शोधत राहिली.

सोपान मात्र उतरताना मनात एकच घोकत होता. म्हातारी शेळ्या घेऊन कुठं लांब गेलेली असू दे. छपराला कडी असू दे. आडावरचा पोहरा आपण हातानं ओढू, पाणी पाजू आणि निघू.

म्हातारी दारातच बसली होती.

“जयभीम सोपानदादा,” ती उठत म्हणाली. “लई उशीर केला आज. मला वाटलं येत्यात का न्हाई.”

सोपानच्या मागं चार पावलांवर साहेब होते. पाण्याच्या आशेनं बाई तर सगळ्यांच्या पुढं येऊन ओट्यावर टेकल्याही होत्या. दारातल्या मडक्यावरचा पेला त्यांनी स्वतःच भरून घेतला होता, आणि एक घोट घेतलाही होता.

सोपान म्हणाला, “राम राम.”

नुसतं राम राम. आजी नाही, काही नाही.

बनुबाई थबकली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग साहेबांकडं, बाईंच्या गळ्यातल्या सोन्याकडं. सत्तरी गाठलेली बाई होती. तिनं आयुष्यात काय काय बघितलं असेल, ते ती जाणे. तिला सगळा प्रकार कळायला एवढासा वेळ लागला. रागावलीसुद्धा नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं बोलली, “राम राम पाव्हनं. कुठलं म्हनायचं तुमी?”

त्यानं तिच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि ती त्याची अब्रू झाकत होती.

“आजी, मी नितीन,” नितीन पुढं होऊन म्हणाला. “आजी, ओळखलं नाही का मला?”

“डोळं गेलं बाळा म्हातारपनी,” बनुबाई म्हणाली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवायला उचलला आणि मग तो मागं घेतला.

तोवर साहेबांच्या डोक्यात उजेड पडला होता. म्हातारीचा पहिला शब्द, ‘जयभीम’, तेवढा त्यांच्या कानावर पडला होता. त्यांनी बायकोला नजरेनंच काहीतरी सांगितलं. बाईंनी पेला खाली ठेवला, उठल्या, अंगणात चार पावलं गेल्या आणि बोट घशापर्यंत घालून थुंकायला लागल्या. थू, थू, थू. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण होतं. सकाळीच सारवलं असावं, बोटांच्या रेघा दिसत होत्या. त्यावर त्या थुंकल्या. ज्यांनी तासाभरापूर्वी अख्ख्या मुलखाच्या पाण्यात खरकटे डबे धुतले, पाय धुतले, चुळा टाकल्या, त्यांना या म्हातारीच्या मडक्यातल्या गार पाण्याची ओकारी येत होती.

साहेब सोपानला बाजूला घेऊन म्हणाले, “जगताप, ही त्यांची वस्ती हाय, आधी सांगायचं न्हाई व्हय?”

आता तरी. आता तरी ते चार शब्द बाहेर पडायला हवे होते. शेजारी प्रज्ञा उभी होती, नितीन उभा होता, म्हातारी उभी होती.

“मला माहीत नव्हतं साहेब,” सोपान म्हणाला. “पोरंच कधी पाण्याला इकडं पळतात, मी येत नाही.”

त्यानं प्रज्ञाकडं बघितलं नाही. तिची नजर मात्र त्याच्यावरून हलत नव्हती. नितीन रडवेला होऊन “पण पप्पा, आपण तर...” असं म्हणायला लागला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत फाट्याच्या वाटेला लागली. सगळ्यांच्या आधी.

येताना जीपमध्ये साहेब त्याला समजावत होते. तुमचा स्वभाव भोळा, माणूस पारखून घ्यावा माणसानं, पोरांना लहानपणापासूनच सांगून ठेवावं कुठं पाणी प्यायचं कुठं न्हाई. ‘हो साहेब’ म्हणताना सोपानच्या तोंडाला आंबट पाणी सुटत होतं. समोर बसलेल्या बाईंच्या ओठांना अजून कोंबडीचं तेल लागलेलं होतं. तीन-चार महिने याच माणसाच्या शेजारी बसून आपण भाकरी खाल्ली. त्याला वाटलं, आत्ता इथं, या चालत्या जीपमध्ये भडाभडा ओकून टाकावं, साहेबांच्या बुटांवर. पण तेवढंही त्याच्याच्यानं झालं नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला.

एका गोष्टीची मात्र त्यानं मनाशी तयारी केली. प्रज्ञा आता घरी जाऊन आईला सगळं सांगणार. आपल्याशी बोलणार नाही. पुढच्या रविवारी बूट घालणार नाही. निबंधाची ती वही फाडून टाकेल कदाचित. हे सगळं होऊ दे, आपण त्याच लायकीचे आहोत, असं तो स्वतःला सांगत होता. आणि त्या सांगण्यात कुठंतरी एक आधारही होता. पोरगी बापाच्या तोंडावर थुंकायलाही कचरणार नाही इतकी सरळ मनाची निघाली, तर जगतापांच्या घरात एक तरी माणूस ताठ कण्याचं आहे, असं म्हणता येईल. त्याच्या बापाचं काहीतरी तिच्यात उतरलं, असं म्हणता येईल.

भिंगारच्या वेशीजवळ जीप थांबली. “पुढच्या रविवारी दुसरा डोंगर बघा जगताप, हा घाणेरडा हाय,” असं म्हणून साहेब निघून गेले.

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपुढं बन्सीआजोबा नेहमीसारखे बाकड्यावर बसले होते. शेजारच्याच आळीतले, विहाराची किल्ली त्यांच्याकडं असायची. दळणाचा डबा घेऊन कुणीतरी एक अनोळखी गृहस्थ गिरणीच्या दाराशी उभे होते. पोरांना बघून बन्सीआजोबांचा चेहरा खुलला.

“आल्या का प्रज्ञाताई डोंगर जिंकून? जयभीम!”

नितीननं तोंड उघडलं. प्रज्ञानं त्याचा हात दाबला. तिनं आधी त्या अनोळखी गृहस्थांकडं एकदा बघून घेतलं. मग बन्सीआजोबांकडं वळून, शहाण्या मुलीसारखी, जराशी वाकून ती म्हणाली, “राम राम आजोबा.”

म्हातारा बुचकळ्यात पडला. काय थट्टा आहे, म्हणून सोपानकडं बघून हसायला लागला.  सोपाननं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. राग शोधला, टोमणा शोधला, कुठंतरी बापाला झोंबावं म्हणून केलेली नक्कल शोधली. तसलं काहीच तिच्या तोंडावर नव्हतं. अवघड गणिताची रीत एकदाची कळल्यावर ती जशी दिसायची, तशी ती दिसत होती.

चार पावलं पुढं गेल्यावर तिनं त्याचा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “पप्पा, बरोबर केलं ना मी?”

तो तिच्या बुटावरच्या गुलाबी डागाकडं बघत चालत राहिला.

“तुम्ही काळजी करू नका,” प्रज्ञा म्हणाली. “नितीन लहान आहे, त्याला अजून कळत नाही. घरी गेल्यावर मी सांगते त्याला समजावून.”